कोपऱ्यातला बाण

आमच्या पासलीच्या डोंगरात बिबट्या आहे. कुत्री नेतो, कधी शेळी नेतो, आणि माणसं त्याला भिऊन दिवेलागणीलाच दारं लावतात. मी मात्र भीत होते ती कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका बाणाला. वरच्या उजव्या कोपऱ्यात, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. आधी हिरवा उगवायचा, मग केशरी व्हायचा, मग लाल. लाल झाला म्हणजे ब्राउझरची नवी आवृत्ती येऊन दारात बसलीय, आता ब्राउझर एकदा बंद करून चालू केला की आत शिरणार. लोकांच्या घरात ती शिरते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आमच्या घरात शिरली तर माझा नवरा मुका होणार होता.

वाढवून सांगत नाही. जे होतं ते सांगते.

हे टेम्पो चालवायचे. वेल्ह्याहून पुण्याला तांदूळ न्यायचा, येताना सिमेंट, पत्रे, लग्नाचं सामान, मिळेल ते आणायचं. आवाज असा की कापूरहोळच्या फाट्यावरून हाक मारली तर ढाब्यामागं हात धुणारा माणूस तसाच ओल्या हातानं बाहेर यायचा. शिवी दिल्याशिवाय ह्यांना कुणाची खुशालीसुद्धा विचारता यायची नाही. एका सकाळी गाडी पुसता पुसता खाली बसले ते बसलेच. मेंदूतल्या शिरेत गाठ अडकली, डॉक्टर म्हणाले. हातपाय गेले, जीभ गेली. ऐकणं राहिलं, समजणं राहिलं, डोळे राहिले, आणि मान राहिली, ती पण बोटभर हलेल एवढीच. आत माणूस सगळाच्या सगळा शाबूत, आणि बाहेर यायला दार नाही.

पुण्याच्या दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, कॉलेजातल्या एका मुलीनं परीक्षेसाठी एक पाटी बनवलीय. ब्राउझरला जोडायची असते. कॅमेरा मान बघतो, मान हलली की पडद्यावर तांबडा ठिपका हलतो. समोर मराठी अक्षरांच्या ओळी. ठिपका अक्षरावर थोडा थांबला की अक्षर उमटतं, आणि वाक्य झालं की कॉम्प्युटर ते बोलून दाखवतो. लग्नाआधी वरव्याजवळच्या कंपनीत मी माल आला-गेला कॉम्प्युटरवर चढवायचे, त्यामुळे मला ते बसवता आलं. टेम्पो विकला आणि जुना लॅपटॉप घेतला. पडवीच्या खिडकीशी मोबाईलला रेंज येते म्हणून ह्यांची खाट तिथं लावली.

पहिल्या दिवशी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. इतक्या महिन्यांनी माणूस काय बोलणार? सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी तर देवाला नारळ ठेवला होता. ‘आई’ म्हणेल, अशी त्यांची आशा. मला वाटत होतं, माझं काहीतरी नाव निघेल. ठिपका सरकत होता, थांबत होता, चुकत होता. ह्यांच्या कपाळावर घाम. शेवटी कॉम्प्युटर बोलला:

“नाकावर माशी.”

मग मी बघितलं तर खरंच माशी बसलेली. तेवढे महिने त्या माश्या रोज बसत होत्या आणि आम्ही खाटेपाशी बसून देवाचं नाव घेत होतो. मी पदरानं माशी हाकलली आणि तिथंच बसून हसले आणि रडले, दोन्ही एकदमच.

तर ती पाटी. आवाज मात्र तिला एका शहरी बाईचा होता, अगदी गोड, बँकेत बोलतात तसा. त्या आवाजात हे शिव्या द्यायचे. ड्रायव्हर लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात हे पाटीवरून दिवसभर पडीक. कुणाची गाडी घाटात बंद पडली, कुणी भाडं पळवलं, कुणाची सोयरीक मोडली, सगळ्यावर ह्यांचं मत. ह्यांचा जुना जोडीदार, कापूरहोळचाच ड्रायव्हर, उलट बोलायचा, “वहिनी, जरा दादाकडं फोन द्या, तुमी लई घाण शिव्या देताय.” ग्रुपभर हसणं. ह्यांचे डोळे हसायचे. ह्यांचे डोळे हसतात ते मला दुरून कळतं.

आणि एका सकाळी पाटीच नाही.

मी कॉम्प्युटर चालू केला, ब्राउझर उघडला, सगळं नवं कोरं, चकचकीत, आणि जिथं अक्षरं असायची तिथं एक ओळ. ही जोडणी आता चालत नाही, जुनी झालीय. ब्राउझर रात्रीत आपण होऊन नवा झाला होता. कुणी विचारलं होतं त्याला? जावई येणार म्हणून कुणी घर सारवतं, तसं ह्यानं स्वतःहून माझं घर सारवलं आणि माझ्या नवऱ्याची जीभ पुसून टाकली. पाटीवाल्या मुलीला मेल लिहिला. ती पास होऊन कुठं गेली कुणास ठाऊक, उत्तर आलं नाही.

त्या मुक्या दिवसांत ह्यांना ताप भरला. मी विचारायची, पाणी? मान नाही. कूस बदलू? नाही. डास? डोकं दुखतंय? उकडतंय? नाही, नाही, नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी. लघवीची नळी तुंबली होती. ते मला सुचलंच नाही. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी पोट बघितलं तेव्हा कळलं. म्हणाले, आणखी उशीर केला असतात तर अवघड होतं. दोन अक्षरांचा शब्द, नळी. तो ह्यांच्या आत ओरडत होता आणि मी डासांची अगरबत्ती लावत होते.

लॅपटॉप पिशवीत घालून एसटीनं कापूरहोळला गेले. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं कुठून कुठून जुना ब्राउझर शोधून परत बसवला, पाटी जिवंत केली, आणि म्हणाला, “ताई, ह्या टायमाला जमलं. आता पाटी जिथून मिळायची तिथूनबी काढून टाकतायत. फुडल्या बारीला गेली तर मिळायची न्हाई. त्यापरीस ब्राउझरला म्हातारा होऊ द्या, बदलू देऊ नका.”

कसं बदलू द्यायचं नाही ते त्यानं दाखवलं. अपडेट आणणारी जी सेवा आत चालू असते ती बंद केली. तिच्या फाईलचं नाव बदललं, म्हणजे तिला स्वतःचंच घर सापडू नये. ठरल्या वेळेला तिला उठवणारी कामं पुसली. मी घरी आले आणि जिंकल्यासारखी झोपले. पण अपडेट म्हणजे बांधावरची हरळी. वरून कितीही उपटा, काडी राहिली की पाऊस पडताच परत हजर. कधी त्या नावाची नवी फाईल स्वतःच तयार व्हायची, कधी बंद केलेली सेवा सकाळी चालू दिसायची. आणि एक दिवस कोपऱ्यात हिरवा बाण उगवला.

त्या दिवशी मी नेटच तोडलं. ना रहेगा बांस म्हणतात ना, ते. आणखी उपटत बसायचं बळ माझ्यात नव्हतं. आतलं सगळं पुसून बाण घालवला आणि ठरवलं, आता ह्या कॉम्प्युटरला जगातलं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही. पाटी नेटशिवाय चालायची. पाणी मागता येत होतं, कूस सांगता येत होती, नळी सांगता येत होती. बास की!

हे म्हणाले, “नेट लाव.”

मी म्हटलं, “न्हाई.”

“ग्रुप.”

“ग्रुप मोबाईलवर ऐकवते की तुमाला. बसा ऐकत.”

ऐकवला. दोन-चार दिवस ऐकला. मग मी मोबाईल जवळ आणला की हे डोळे मिटून घ्यायचे. तिकडं गप्पा चाललेत आणि आपल्याला त्यात एक शिवीसुद्धा टाकता येत नाही, हे कुणाला सोसेल? मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग यायचा. मी काय हौसेनं करत होते?

कारण अडकले होते ते काय एकटे हेच? कुणी पाहुणा आला आणि मोबाईल काढून म्हणाला, “वहिनी, हॉटस्पॉट देऊ का?” की मी आधी लॅपटॉपपुढं जाऊन उभी राहायची. मी लॅपटॉपला पहारा देत होते. शेतावर गेले तरी लक्ष पडवीत. माहेरी वरव्याला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी गेले नाही. भाचीचं लग्न झालं, मी गेले नाही. माहेरचे म्हणाले, एवढं काय त्या कॉम्प्युटरचं? काय सांगणार! सतीचं वाण घेतलं होतं, खाली ठेवता येत नव्हतं.

आणि ह्यांचं बोलणं आटत गेलं. पाणी. कूस. ऊन. बास. पाटी तीच, आवाज तोच गोड, पण आतला ड्रायव्हर कुठं गेला कळेना. एकदा मी चिडून म्हटलं, “शिवी तरी द्या मला!”

ठिपका बराच वेळ फिरला. “तू जेलर.”

“जेलरला रजा असती,” मी म्हटलं. “पगारबी असतो.”



मग नवरात्र आलं, आणि खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळा, कोयता, पहार, भात मळायचं यंत्र, ह्यांचा टेम्पोचा पाना, गाडी विकली तरी तो विकला नव्हता. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्यांचाही विसावा. आत्यांनी लॅपटॉप पण मांडला. “त्यो बी ह्याचं हत्यारच हाय की,” म्हणाल्या. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं की आपण एका माणसाची जीभ कोयत्याशेजारी ठेवून तिला दिवसभर सुट्टी देतोय. आदल्या वर्षी हे त्यावर बोलले होते, “देवाला सांगा, शिव्या धुऊन परत दे.” ह्या वर्षी काहीच बोलले नाहीत.

मी नळी तपासली, पाणी पाजलं, आत्यांना बसवलं आणि भाताकडं गेले. पहारा द्यायला काही नव्हतं. हत्यार देवापाशी, नेट त्याला लागायचं नाही, हात कुणी लावायचा नाही. लोंब्या भरत आल्या होत्या. बांधावर बसले तर माझे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर होते हे मला तेव्हा कळलं. मला बरं वाटलं. तिकडं नवरा मुका पडलाय आणि हितं मला बरं वाटतंय! खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

दसऱ्याला सकाळी हत्यारं उठवतात, आणि ज्याचं हत्यार त्यानं ते थोडं चालवायचं असतं. विळ्यानं चार काड्या कापायच्या, यंत्राला एक फेरा द्यायचा. मुहूर्त तो. त्याला मध्ये कुणी अडवत नाही. मी लॅपटॉप ह्यांच्यापुढं मांडला, पाटी लावली आणि पुरण वाटायला आत गेले. तेवढ्यात कापूरहोळचा जोडीदार आपट्याची पानं घेऊन आला. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, आत्यांच्या पाया पडणं, सगळं मला आतून ऐकू येत होतं. मग तो गोड आवाज ऐकू आला.

“तुझं नेट लाव.”

मी पुरणाच्या हातानं पडवीत आले. जोडीदाराचा मोबाईल हातात, आणि तो माझ्याकडं बघतोय. “वहिनी, दादा म्हणतोय...”

“खबरदार,” मी म्हटलं आणि लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. मिटलं की संपलं. एवढं सोपं होतं ते. झाकणावरच्या कुंकवाला पुरण लागलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ठिपका हलवायला लागले. झाकण मिटायचं तर वाक्य अर्धं तुटणार. बोलणाऱ्याच्या तोंडावर हात दाबायचा, तसंच ते. मला नाही मिटवलं.

“आज शिलंगण,” आवाज आला.

दसऱ्याला गावाची शीव ओलांडतात, ते शिलंगण. आमच्याकडं अजून सगळे संध्याकाळी जातात.

“माझं हत्यार. माझा मुहूर्त.”

“आन बाण आला तर? पाटी गेली तर?” मी ओरडलेच. “परत मिळायची न्हाई! त्या तापात मेला असता तुमी! मी काय विचारू तुमाला, कसं वळखू?”

ठिपका फिरत राहिला. आत्या दारात उभ्या. जोडीदार खाली बघत होता.

“तू अक्षरं म्हण. मी डोळे मिटीन.”

“मला दम न्हाई तेवढा.”

“माहीत हाय.”

जोडीदार खुदकन हसला. मला त्याचाही राग आला आणि ह्यांचाही, आणि रडूही. हे आणखी बोलत होते. “जपून ठेवून काय करू. वापरून संपू दे. तूबी सुटशील.”

मी झाकणावरचा हात काढला. आत जाऊन पुरण वाटत बसले, पाटा फुटेल असं. बाहेर ग्रुपवर हे परत आल्याचा गोंधळ सुरू झाला होता. कुणीतरी म्हणत होतं, “वहिनी आल्या, वहिनी आल्या!” आणि गोड आवाजात त्याच्या सात पिढ्या निघाल्या.

त्यानंतर मी माझ्या मोबाईलचं नेट दिलं. पाच-सहा दिवसांत हिरवा बाण आला. मी त्याच्याकडं बघितलं आणि ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी काही बघितलं नाही, बोलण्यात दंग. ब्राउझर बंद करायचा नाही, कॉम्प्युटर बंद करायचा नाही, तोवर ती नवी आवृत्ती दारात थांबणार होती. पण लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, आणि आमच्याकडच्या विजेच्या भरवशावर तर कुणी मुलगीसुद्धा देणार नाही.

सकाळी ग्रुप, दुपारी माझी शाळा. आधी ओळी म्हणायच्या, क, च, ट, त, प. डोळे मिटले की त्या ओळीतली अक्षरं एकेक. मी गडबड करायची. दोन अक्षरं झाली की शब्द मीच पुरा करायची, आणि तो चुकायचा. मग हे पाटीवरून सुनवायचे. “हळू.” “मी अजून मिटले नाहीत.” एकदा तर, “लग्नापासून तू माझी वाक्यं तोडतेस.”

“मग सोडायचं की मला तवाच!” मी म्हटलं.

“टेम्पोत बसून तूच आलीस,” तो गोड आवाज म्हणाला. आत्या आतून हसल्या. किती दिवसांनी मी ह्यांच्याशी नीट भांडले होते.

बाण केशरी झाला, लाल झाला. परतीचा पाऊस अजून संपला नव्हता. एका दुपारी ढग आले, डोंगर दिसेनासा झाला, आणि वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. मला, आत्यांना. शेवटचं म्हणून काहीतरी. मी खाटेशी जाऊन बसले. हे ग्रुपवर होते. कुणीतरी घासलेल्या टायरवर वरंध घाटातून गाडी आणली होती आणि हे त्याची हजेरी घेत होते. “तुझ्या बापानं तुला,” आवाज म्हणाला, “टायर न बघता,” आणि पडदा काळा झाला.

शिवी अर्धीच राहिली.

पावसाचा पत्र्यावर आवाज. वीज परत आली तेव्हा ऊन पडलं होतं. मी कॉम्प्युटर चालू केला. ब्राउझर नवा कोरा. तीच ओळ, ही जोडणी आता चालत नाही. कोपऱ्यात बाण नव्हता. त्याचं काम झालं होतं.

मी ह्यांच्यासमोर बसले. नळी बघितली, ठीक होती. कपाळ बघितलं, ताप नव्हता. मग म्हणायला लागले, हळू, जसं शिकवलं होतं तसं. “क... च... ट... त...”

डोळे मिटले.

“त, थ, द, ध, न...”

मिटले.

“न. ना? ना?” मिटले. परत पहिल्यापासून. “क...” मिटले. “क?” मिटले.

नाक.

“नाकावर माशी?” मी वाकून बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. माशी नव्हती. एकही नव्हती. पाऊस पडून गेला होता, माश्या कुठल्या असायला.

मी वर बघितलं, तर डोळे हसत होते. अगदी दुरूनही कळतील असे.

“काय म्हणतोय गं?” आत्यांनी आतून विचारलं.

मी म्हटलं, “काही न्हाई आत्या. चेष्टा करतायत माझी.”